सपत्नीसह सत्कार

भिंगरीचं खरं नाव हजेरीपटात होतं, तेवढंच. बाकी सगळीकडे ती भिंगरी. बोलताना तिचे हात फिरायचे, चालताना वेणी फिरायची, आणि एका जागी बसवलं तर टेबलाखाली पाय फिरायचे. "देवाने हिला घडवली खरी, पण थांबायची कळ बसवायला विसरला," असं तिची मामी म्हणे. म्हणताना ती अशी काही हसे, की ऐकणाऱ्याला तो आशीर्वादच वाटावा.

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तशी भिंगरी मामाच्या घरी राहायला आली. सोयीचंच होतं, कारण मामा त्याच कॉलेजात, त्याच विभागात, तळघरातल्या छपाईच्या मशीनवर होता. एकतीस वर्षं. वर मुलं बातम्या लिहायला शिकत आणि खाली मामा त्या छापे. चार पानांचा सरावअंक दर आठवड्याला निघायचा. गुरुवारी संध्याकाळी पानांची प्रुफं, शुक्रवारी दुपारी छपाई. कुणी विचारलं, "काय मशीनवाले, या आठवड्यात काय विशेष?" तर मामा गंभीरपणे सांगे, "काळा जरा फिका येतोय." मजकुराशी त्याचं देणंघेणं नव्हतं. "मी शाई बघतो. अक्षरं बघणारी माणसं वेगळी," एवढं बोलून तो पुन्हा फडका हातात घेई.

आणि वरच्या मजल्यावर लालपेनबाई. त्यांनी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात घालवली होती, आणि आता त्या मुलांना बातमीलेखन शिकवत. मुलं आपल्याला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं, आवडतही होतं.

"जड शब्द म्हणजे ओली गादी," त्या दिवशी बाई वर्गात सांगत होत्या. "उचलणाऱ्याला वाटतं, काय आपण पराक्रम केला! झोपणाऱ्याला विचारा. 'सहकुटुंब' कशाला? 'कुटुंबासह' म्हणा. 'सविनय' कशाला? 'नम्रपणे' म्हणा. असा शब्द दिसला की फोडा!"

भिंगरीने वहीत लिहिलं, 'फोडा.' खाली दोन रेघा मारल्या.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मामा निवृत्त होणार होता. त्याचा निरोपाचा समारंभ मात्र पहिल्याच आठवड्यात उरकला, कारण प्रमुख पाहुण्यांना पुढे वेळ नव्हता. बातमी लिहायचा मान भिंगरीने भांडून मिळवला. घरचं माणूस, घरची बातमी! तिने एक गोष्ट सोडली नाही. खुर्च्या किती होत्या, पडद्याचा रंग कोणता, मामाला मिळालेला टेबललॅम्प किती कोनात वळतो, पाहुण्यांना भाषणात किती वेळा ठसका लागला, सगळं टिपलं. बातमी झाली दोनशे बारा शब्दांची. अडलं ते फक्त एका जागी. निमंत्रणपत्रिकेत लिहिलं होतं, 'यंत्रचालकांचा सपत्नीक सत्कार'.

सपत्नीक! ही तर ओली गादी. भिंगरीने पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली आणि शब्द फोडला. म्हणजे काय, तर पत्नीसह. पण नुसतं 'पत्नीसह' ओकंबोकं दिसायला लागलं, आणि मूळ शब्दातला तो पुढचा 'स' टाकवेना. शेवटी तिने दोन्ही ठेवले. मथळा झाला, 'यंत्रचालकांचा सपत्नीसह सत्कार'. पुढून 'स', मागून 'सह', मामीला दोन्हीकडून आधार.

गुरुवारी संध्याकाळी मामा नेहमीसारखी प्रुफांची गुंडाळी पिशवीत घालत होता. भिंगरीने ती काढून घेतली.

"मामा, या वेळी घरी नको नेऊस. मामीला एकदम छापलेला अंकच दाखवायचा."

"अगं, पण दर गुरुवारी नेतो मी."

"माहितेय. तिला कापडाची मापं काढायला कागद लागतो ना? मी दुसरा देते तिला!"

मामी शिवणकाम करायची. गुरुवारी ती शिवणयंत्रावर ते मोठाले कागद पसरून हातात पेन्सिल घेऊन बसलेली असे, हे भिंगरीने तीन महिने पाहिलं होतं. मामाने काही सांगायला तोंड उघडलं. मग ते मिटलं. बोलायचं काम निघालं की मामा नेहमी उद्यावर टाकी.

अंक शुक्रवारी छापून झाला. शनिवारी सकाळी सूचनाफलकापाशी ही गर्दी! वरच्या मजल्यावरच्या व्याकरणसरांनी मथळा कापून फलकावर लावला होता आणि खाली मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'सपत्नी (स्त्री.) = सवत. यंत्रचालकांचे व दोन्ही कुटुंबांचे अभिनंदन!'

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कॉलेजच्या फाटकाबाहेर पडली आणि मामीच्या आधी मामीच्या गल्लीत पोचली. ब्लाउज टाकायला आलेली शेजारीण म्हणाली, "काय हो वहिनी, थोरली तुम्ही की धाकटी?" मामी हसली. पण त्या दिवशी तिच्या यंत्रात दोनदा दोरा तुटला.

भिंगरीने घरी येऊन मामीचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "मी खुलासा छापते मामी! पुढच्याच अंकात! ठळक चौकटीत!"

"छाप बाई," मामी म्हणाली. आणि मामाकडे वळून, "आणि अहो, तुमचे ते कागद आता माझ्याकडे आणू नका."

नेमक्या त्याच आठवड्यात लालपेनबाईंचा घसा बसला आणि त्या रजेवर गेल्या. त्या आठवड्याचा विद्यार्थी-संपादक होता एक कवी. तो म्हणाला, "खुलासा काटेकोर हवा. मोघम नको." भिंगरी रात्रंदिवस काटेकोर विचार करत राहिली आणि दुसऱ्या शुक्रवारी चौकट छापून आली:

'खुलासा: गेल्या अंकात यंत्रचालकांचा सपत्नीसह सत्कार झाल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात समारंभाच्या वेळी मंचावर त्यांची एकच पत्नी उपस्थित होती.'

शनिवारी व्याकरणसरांनी फलकावर फक्त एक प्रश्न लावला. 'दुसऱ्या का आल्या नाहीत?'

मामीने तो अंक वाचला, घडी घातली, घडीवर घडी घातली. एक शब्द बोलली नाही. स्वयंपाकघरात भांडी मात्र त्या दिवशी फार बोलली.

आता भिंगरीची तारांबळ उडाली. तिने लालपेनबाईंना फोन लावला. पलीकडून फक्त घरघर ऐकू आली, आणि पाच मिनिटांनी मोबाइलवर निरोप उमटला: 'ज्याच्याबद्दल आहे त्याचं म्हणणं घे. त्याच्याच शब्दात छाप.'

इतकं सोपं होतं तर! भिंगरी वही घेऊन तळघरात धावली. मामा मशीनच्या पोटात डोकं घालून रूळ पुसत होता.

"मामा, तुला दुसरी बायको आहे का?"

"काय?" आतून आवाज आला.

"अधिकृत विचारतेय. बायको. दुसरी."

"एकच पुरे आहे गं," मामा आतूनच म्हणाला. "तो डबा दे इकडे."

भिंगरीने डबा दिला आणि वाक्य लिहून घेतलं. तिसऱ्या शुक्रवारी चौकट आली:

'खुलासा: यंत्रचालकांनी दुसऱ्या पत्नीबाबतचे वृत्त फेटाळून लावले आहे. "एकच पुरे आहे," असे त्यांनी आमच्या प्रतिनिधीशी बोलताना स्पष्ट केले.'

छापली कुणी? मामानेच. तीनशे प्रती. शाई सुरेख आली होती.

त्या संध्याकाळी मामा-भाची घरी आली तर शिवणयंत्रावर झाकण. टेबलावर चिठ्ठी:

'स्वयंपाक झाकून ठेवला आहे. मी ताईकडे आहे. हे वृत्त फेटाळू नये.'

भिंगरीला आधी हसू आलं, मग हसता हसता रडू. मामा खुर्चीवर बसला. चिठ्ठी त्याने तीनदा वाचली. मजकूर वाचण्याची सवय नसलेला माणूस, त्याला वेळ लागला.

"मामा, चुकलं रे माझं."

"तुझं काय, माझंही." मामाने चिठ्ठी खिशात ठेवली. "भिंगरे, मला टेबललॅम्प नको, भाषणं नकोत. शुक्रवारी शेवटचा अंक छापायचाय. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी येईन तेव्हा ती घरी असली पाहिजे. एवढं जमव."

एकतीस वर्षांत या माणसाने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. भिंगरीचे पाय प्रथमच टेबलाखाली स्थिर राहिले.

सोमवारी लालपेनबाई रुजू झाल्या. तिन्ही अंक त्यांनी समोर पसरले, वाचले, चष्मा काढला, डोळे चोळले आणि चष्मा पुन्हा घातला.

"खुलाशात चूक पुन्हा उगाळायची नसते, मुली. जखम झाली तर आपण पट्टी बांधतो. सुरी कशी शिरली ते चित्र काढून दाखवत नाही."

"बाई, पण तुम्हीच म्हणालात की ज्याच्याबद्दल आहे त्याचं म्हणणं घे."

"घेतलंस?"

"घेतलं की. मामाचं."

"बातमी मामाबद्दल आहे?" बाईंनी लाल पेन उचललं, तिन्ही अंकांवर तीन शब्दांभोवती तीन गोल काढले. पत्नी, पत्नी, पत्नी. "तीन आठवडे तू जिच्याबद्दल छापतेयस तिला एक तरी प्रश्न विचारलास?"

भिंगरीने वही उचलली आणि ती बाहेर धावली.

मामीच्या ताईचं, म्हणजे भिंगरी जिला मावशी म्हणे तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार मावशीनेच उघडलं. "आल्या का प्रतिनिधी!" ती आतल्या बाजूला ओरडली. "अगं ए, मुलाखत आलीय तुझी!"

मामी खिडकीपाशी कुणाच्या तरी परकराला काठ लावत होती. वर न बघता म्हणाली, "ये. बस. बसता येत असेल तर."

भिंगरी बसली. वही उघडली. तिने पहिला प्रश्न विचारला.

"मामी, आपल्याला... कसं वाटतंय?"

मामीची सुई थांबली. "हेच शिकवतात का गं तुम्हाला तिथं? घर सोडून आलेल्या बाईला कसं वाटतं, याला फी भरायला लागते?"

मावशी खो खो हसत चहा टाकायला गेली.

"सवतीचं लागलं तुला," भिंगरी कशीबशी म्हणाली.

"सवतीचं कशाला लागेल? आली असती तर निम्मं शिवण तिच्या गळ्यात घातलं असतं." मामीने दोरा दाताने तोडला. "भिंगरे, दोनशे बारा शब्द लिहिलेस तू. मोजलेत मी. पडद्याच्या रंगाला चार. त्या दिव्याच्या मानेला नऊ. पाहुण्यांच्या ठसक्याला अकरा. आणि मला एक. तोही चुकलेला. मग खुलासे करत बसलीस ते तरी कुणाचे? ते किती बायकांचे नवरे, याचे. मी कोण, हे तुम्हाला कुणालाच विचारावंसं वाटलं नाही."

भिंगरीला वाटलं, आता उठून पळावं. पण बाईंचे ते लाल गोल डोळ्यांपुढून हलेनात. तिने पेन्सिल नीट धरली आणि या वेळी अगदी साधा प्रश्न विचारला.

"मामी, गुरुवारी तू त्या कागदांवर काय करायचीस?"

मामीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"वाचायची," ती म्हणाली.

लग्नाआधी मामी दोन वर्षं शाळेत शिकवत होती. लग्न झाल्यावर नवरा एके गुरुवारी खराब प्रुफं घेऊन आला, मापाचा कागद म्हणून. तिने कात्री लावली आणि कात्री अर्ध्यावर थांबली. 'दिर्घ' असा शब्द, पहिला ऱ्हस्व! अंगावर काटा आला. खडूनं खूण केली आणि सकाळी नवऱ्याला म्हणाली, तेवढं सांगा हो त्यांना. त्याने सांगितलं. दुसऱ्या गुरुवारी तो न मागता सगळी पानं घेऊन आला. तेव्हापासून एकतीस वर्षं. मामा शुक्रवारी सकाळी वर जाऊन म्हणायचा, "घरून निरोप आहे. दुसरं पान, तिसरी ओळ." कुणी कधी विचारलं नाही, कुणाच्या घरून.

भिंगरी लिहीत होती, लिहिता लिहिता थबकली. "म्हणजे त्या गुरुवारी मी प्रुफं काढून घेतली..."

"एकतीस वर्षांत तो पहिलाच अंक मी न पाहता छापला गेला," मामी म्हणाली. "तेवढ्यात काशी केलीस तू."

चहा आला. भिंगरीने तासभर प्रश्न विचारले आणि देवाच्या दयेने तेवढा वेळ एका जागी बसली. निघताना दारात वळून म्हणाली, "मामी, घरी येशील ना? शुक्रवारी?"

"आधी बातमी बघू दे," मामी म्हणाली. "गुरुवारी प्रुफं इकडे पाठव."

गुरुवारी मामा गुंडाळी घेऊन तिसरा मजला चढला. मावशीने ती दारातूनच घेतली. "उत्तर उद्या," ती म्हणाली आणि दार लावलं. मामा तसाच खाली उतरला.

शुक्रवारी सकाळी मामा वर सांगायला गेला, "घरून निरोप नाही अजून." दहा वाजले, साडेदहा वाजले. लालपेनबाई स्वतः तळघरात आल्या. "मशीनवाले, प्लेटा करायच्यात. थांबायचं किती?" मामा हात पुसत राहिला. भिंगरी दाराशी फिरत होती. फिरणं पुन्हा सुरू झालं होतं.

तेवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या आणि काखेत गुंडाळी मारून मामी तळघरात उतरली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तिने मशीनवर एक नजर टाकली, जशी पाहुणी दुसरीच्या स्वयंपाकघरावर टाकते, आणि गुंडाळी टेबलावर पसरली.

चार पानं, चौदा खुणा. बाईंनी चष्मा सारखा केला. पहिली खूण, दुसरी, पाचवी, नववी. त्यांचं लाल पेन हवेतच राहिलं.

"'घरून निरोप' म्हणजे तुम्ही?" बाई म्हणाल्या. "अहो, मला वाटायचं मशीनघरातून! हा माणूस सगळं वाचतो आणि न वाचल्याचं सोंग करतो, असंच मी इतकी वर्षं समजत आले!"

"हे? वाचणार?" मामी म्हणाली.

पहिल्या पानावर भिंगरीची बातमी होती. 'या अंकाची प्रुफे गेली एकतीस वर्षे दर गुरुवारी एका शिवणयंत्रावर तपासली जात आहेत. तपासणाऱ्या आहेत यंत्रचालकांच्या पत्नी, पूर्वाश्रमीच्या शिक्षिका. गेले तीन आठवडे त्यांनी ती पाहिली नाहीत. परिणाम वाचकांनी पाहिलाच आहे.' पुढे मामीचीच वाक्यं, जशीच्या तशी. ठसका नाही, पडदा नाही.

'परिणाम वाचकांनी पाहिलाच आहे' या वाक्यावर मात्र मामीने काट मारली होती.

"हे का काढलंत?" बाईंनी विचारलं. "अंकातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे."

"चांगलं आहे म्हणूनच. पोर शिकतेय अजून. तिची चूक पहिल्या पानावर कशाला चव्हाट्यावर?"

"बातमीत दया नसते, बाई."

"मग ठेवायची थोडी."

"चालू करू का?" मामा म्हणाला.

"थांबा!" दोघी एकदम म्हणाल्या.

"राहू दे, मामी," भिंगरी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण जरा खालच्या पट्टीतला. "ते खरं आहे. आणि ते कुणाला विचारायला लागलं नाही, ते मला स्वतःलाच माहीत होतं."

मामीने तिच्याकडे बघितलं. मग पेन्सिल घेतली आणि काट मारलेल्या वाक्याखाली कच्चा टाका घालावा तशा तुटक रेघा ओढल्या. बाई वाकून बघू लागल्या. काढलेलं परत ठेवायचं असलं की मुद्रितशोधक अगदी असेच ठिपके देतात. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी शिकवायला कशाला हवं? उसवायचं नाही, एवढंच."

बाईंनी एक खुर्ची ओढली, तिच्यावरची शाईची बाटली खाली ठेवली आणि फडक्याने बैठक पुसली. "मशीनवाले आज जातायत. तुम्ही गुरुवारी येत जा. प्रुफं तुमच्याकडे का यायची, तुम्हीच इथे बसा. मुलांनाही कळू दे, शब्द कसा धरतात ते."

"बघू," मामी म्हणाली, पण खुर्चीवर बसली. "उजेड कमी आहे इथं. ह्यांना मिळालेला तो दिवा आणीन."

दुपारी प्लेटा तयार झाल्या. मामाने कागदाच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि मग धीर करून बायकोकडे पाहिलं.

"मी... किती वाजता येऊ?"

"रोज येता तेव्हाच या."

"ताईकडे?"

मामीने चपला पायात सरकवल्या, पदर सारखा केला आणि पायरीवर उभी राहून म्हणाली, "ताईकडे कशाला? आपल्या घरी."

ती वर निघून गेली. मामाने झटक्यात बटण दाबलं. मशीन धडधडू लागलं, रूळ फिरू लागले, खालचं टोपलं रिकामंच्या रिकामं. भिंगरी आणि बाई एकमेकींकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मामा कागद घालायला विसरला होता.